शून्य गळतीची ढाल

प्राचार्यांची शेवटी बदली झाली. बढतीवर झाली, टाळ्यांच्या गजरात झाली, आणि नव्या जागी त्यांना खुर्चीसुद्धा मिळाली.

आता हे विसरा. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. बदली वगैरे काही झालेली नाही. पदवीदान समारंभाची सकाळ आहे, प्राचार्य आपल्या जागी घट्ट आहेत, आणि पोलीस चौकीतला फोन वाजतोय.

"चोरी झालीय!" फोनमधून आवाज फाटला.

"काय गेलं?" हवालदारानं विचारलं.

"ढाल!"

हवालदारानं रिसीव्हरवर हात ठेवला. "मॅडम, कुणाची तरी ढाल गेलीय. तलवार शाबूत आहे का विचारू?"

इन्स्पेक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. चौकीत त्या मॅडम होत्या, घरी ताई. ही गोष्ट शेवटी घरापर्यंत जाणार आहे, म्हणून आपण ताईच म्हणू.

कॉलेजचं नाव ऐकलं आणि ताईच्या कपाळावर आठी पडली. याच कॉलेजातून तिची धाकटी बहीण सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या वर्षातून, घरी आली होती. टायफॉइडमध्ये परीक्षा बुडाली होती. धाकटी म्हणायची, "मी सोडलं नाही, मला काढलं." आई म्हणायची, "कॉलेज कधी कुणाला काढतं का? तुझंच मन नव्हतं. अर्धवट!" तेव्हापासून धाकटीचं घरातलं नाव तेच पडलं. जेवण टाकलं, अर्धवट. केस विंचरायचे राहिले, अर्धवट. धाकटी पुढे पाट्या रंगवायला लागली. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, हव्या त्या. काम एकटीच करायची. मदतनीस ठेवला तर बोलावं लागतं, हे तिचं कारण.

जीपमध्ये बसताना ताईला सकाळचं घर आठवलं. आई कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून पडली होती. "काय उचललंस?" ताईनं विचारलं होतं. "वय," आई म्हणाली होती. धाकटी अर्धा कप चहा तसाच टाकून उठली होती.

आणि आई काहीच बोलली नव्हती.

काहीतरी चुकल्यासारखं ताईला तेव्हाच वाटलं होतं. रोज वाजणारं घड्याळ बंद पडलं की वाटतं, तसं.

*

प्राचार्य दारातच उभे होते. अंगावर झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, चेहऱ्यावर सुतक.

"बाई, सर्वनाश! पाहुण्या यायच्या आहेत आणि ढाल नाही!"

"कसली ढाल?"

"शून्य गळतीची!"

ताईला सगळं समजावून सांगण्यात आलं. आत आलेला एकही विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून जात नाही, अशा कॉलेजला ही पितळेची ढाल देतात. या कॉलेजात ती वर्षानुवर्षं मुक्कामाला होती. दर समारंभाला प्रमुख पाहुण्या ती प्राचार्यांच्याच कपाटातून काढायच्या आणि प्राचार्यांनाच द्यायच्या. या वर्षी ती कायमची मिळणार होती.

गळती हा शब्द प्राचार्यांना इतका लागायचा, की स्टाफरूमचं छत टपकायला लागलं तेव्हा शिपायानं तक्रारीत 'छताला घाम येतो' असं लिहिलं होतं. तक्रार मंजूर झाली आणि छताला पंखा मिळाला.

कपाट प्राचार्यांच्या खोलीबाहेर होतं. काचेची दारं, मधोमध कुलूप. कुलूप जागच्या जागी. काच अखंड. आत ढालीच्या आकाराची धूळ नसलेली जागा.

"किल्ली?"

"एकच. माझ्या गळ्यात." प्राचार्यांनी झग्यातून दोरा बाहेर काढला.

"म्हणजे भुतानं नेली," हवालदार म्हणाला. "भुताचं वर्णन लिहू का मॅडम?"

ताईनं कुलपाकडे पाहिलंच नाही. ती बिजागऱ्यांकडे वाकली. कपाट जुनं, स्क्रू गंजलेले. पण एका बाजूच्या बिजागरीच्या स्क्रूंच्या खाचा लखलखत होत्या. आणि लाकडाच्या कडेला, तिळाएवढा, हिरव्या रंगाचा ठिपका.

"कुणावर संशय?"

"गणिताच्या बाई!" प्राचार्य तत्काळ म्हणाले. "मी निकाल वाचून दाखवतो तेव्हा त्या हसतात."

*

गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये पंख्याखाली बादली ठेवून बसल्या होत्या. पंखा पाणी सगळ्यांना समान वाटत होता.

"काल कुठे होता?" ताईनं विचारलं.

"सभागृहात. रंगीत तालीम होती. दुपारपासून सगळे तिथेच होतो. सर ढाल स्वीकारायचा सराव करत होते."

"खऱ्या ढालीनं?"

"छे! ती घासून कपाटात ठेवलेली, बोटं उमटतील ना. सरांनी चहाचा ट्रे स्वीकारला. खूप भावुक झाले होते."

म्हणजे अख्खं कॉलेज ट्रेला टाळ्या वाजवत असताना बाहेर कुणीतरी शांतपणे स्क्रू फिरवत होतं.

"तुम्ही हसता का?"

"हो."

"का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, एक गणित घालते, सोडवा. शंभर पोरं आत आली. तीन वर्षांनी बहात्तर पदवी घेऊन बाहेर पडली. गळती किती?"

"अठ्ठावीस टक्के."

"नापास. उत्तर शून्य. उरलेले अठ्ठावीस जण आमच्या भगिनी महाविद्यालयात, म्हणजे संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजात गेले. जो सोडून गेला पण दुसऱ्या कॉलेजात गेला, तो गळला असं धरत नाहीत. त्याला स्थलांतर म्हणतात."

"सगळेच्या सगळे तिथेच जातात?"

"कुणी आजारी पडलं, कुणाचे दोन विषय राहिले, की सर बोलावतात. प्रेमानं सांगतात, बाळ, इथे तुला झेपत नाही, भगिनी महाविद्यालयात जा, वर्ग सुरू झाले की कळवू."

टायफॉइडनंतर धाकटीलाही शब्दशः हेच सांगितलं होतं, ते ताईला आठवलं. "आणि त्या भगिनीची गळती? ती कोण काढतं?"

"कुणी नाही. नव्या कॉलेजची पहिली तुकडी तीन वर्षं पुरी करत नाही तोवर त्याचं प्रमाण काढायचं नाही, असा नियम आहे."

"सहा वर्षांपूर्वीही ते होतंच की. अजून नवं कसं?"

"ते मलाही कळत नाही. दर वेळी चौकशी केली की कळतं, आत्ताच सुरू झालंय."

"तुम्ही कधी तिथे गेलात?"

"एकदा विचारलं होतं, कुठे आहे म्हणून. सर म्हणाले, मागे. मी पुढच्या बाजूला शिकवते, मॅडम. मला नोकरी टिकवायचीय." बाई पुन्हा हसल्या, पण आता त्या हसण्यात गंमत नव्हती. "रडले असते तर त्यांनी मला आधीच काढलं असतं. म्हणून हसते."

*

फाटकावरचा पहारेकरी छातीवर हात ठेवून म्हणाला, "काल परका माणूस एकही आत आला नाही. माझ्या नोकरीची शपथ."

"आणि ओळखीचा?"

"ओळखीचे काय, येतातच. खुर्च्यावाला, माईकवाला, आणि ती पाटी रंगवणारी. ती आणि तिची मदतनीस."

ताई थांबली. "मदतनीस?"

"हो, वयस्कर बाई होती. डोक्यावर फडकं बांधलेलं. जाताना कंबर धरून चालत होती बिचारी. मी म्हटलं, मावशी, या वयात हे काम? तर म्हणाली, पोरीचं राहिलेलं पुरं करायला आलेय."

हवालदारानं वहीतून डोकं वर काढलं. मॅडमचा चेहरा पाहिला आणि पेन खिशात ठेवलं. तो जुना माणूस होता. कधी लिहायचं नाही, हे त्याला लिहिण्यापेक्षा जास्त चांगलं येत होतं.

"मागे चल," ताई म्हणाली.

इमारतीच्या मागे, कुंपणाला लागून, एक हिरवं दार होतं. हेच ते भगिनी महाविद्यालय. दारावर पाटी: 'परमप्रगत अध्ययन महाविद्यालय'. रंग ताजा.

ताईनं पाटीवरून बोट फिरवलं. 'प्रगत अध्ययन महाविद्यालय' एवढा भाग सपाट होता. डावीकडचा 'परम' मात्र फुगला होता. त्याखाली आणखी एका शब्दाचे उंचवटे लागत होते. उन्हात तिरकं पाहिलं की वाचता यायचं: 'अति'.

"आधी नुसतं प्रगत," ताई पुटपुटली. "मग अतिप्रगत. आता परमप्रगत."

"पुढचं काय असेल मॅडम?"

"मोक्ष."

कुलपावर गंज आणि गंजावर कोळ्याचं जाळं. वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. पण बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा लखलखत होत्या.

ताईनं दारावर बोटं वाजवली. आवाज ऐकला आणि डोळे मिटून उभी राहिली. सहा वर्षं. जेवण टाकलं, अर्धवट. तिनंही दोनचारदा म्हटलं होतं ते. हसत हसत.

"हवालदार, प्राचार्यांना बोलवा. पाहुण्यांना पण. पदवी घेणारी पोरं, त्यांचे आईबाप, झाडून सगळ्यांना. म्हणावं, ढाल सापडली."

*

सगळे आले. झगे, टोप्या, कडक इस्त्रीचे आईबाप. प्रमुख पाहुण्या शिक्षण समितीच्या अध्यक्ष होत्या, काठी टेकत चालणाऱ्या, पण काठीपेक्षा ताठ. गर्दीच्या कडेला दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या नखांत हिरवा रंग होता. दुसरीचा हात कंबरेवर होता.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. दोघींपैकी कुणीही नजर खाली घातली नाही.

"कुठे आहे ढाल?" प्राचार्य म्हणाले. दाराकडे पाहून त्यांचा आवाज बारीक झाला होता. "इथे कशाला आणलंत सगळ्यांना? चला, सभागृहात बसून..."

"दार उघडा."

"किल्ली हरवलीय."

"चोरांनीही किल्ली वापरली नाही," ताई म्हणाली. "हवालदार, स्क्रूड्रायव्हर."

स्क्रू लोण्यासारखे निघाले. हवालदार आणि जीपचा ड्रायव्हर, दोघांनी मिळून दार कुलपासकट उचललं आणि बाजूला ठेवलं.

दारामागे भिंत होती. विटांची, गिलावा न केलेली, कुंपणाची भिंत. दार आणि भिंत यांच्यात वीतभर जागा होती. भिंतीत एक खिळा. खिळ्यावर शून्य गळतीची ढाल.

मागच्यांनी टाचा उंचावल्या. मग मागून एका लहान मुलीचा आवाज आला, "आई, वर्ग कुठाय?"

"हाच माझाही प्रश्न आहे," प्रमुख पाहुण्या म्हणाल्या.

"आज... सुट्टी आहे," प्राचार्य म्हणाले.

हशा फुटला. ताईनं तो पुरता संपू दिला.

"मी सांगते. इथे दोन गुन्हे झालेत. लहान आधी घेऊ. चोरांनी कपाटाच्या कुलपाला हात लावला नाही, बिजागरी सोडवली. तिथे हिरव्या रंगाचा ठिपका राहिला. हाच रंग, काल याच दाराला लागलेला. या दाराच्याही बिजागऱ्याच सोडवलेल्या. रंगाचं काम कुणाकडे होतं, हे विचारायलाही नको. पण मला एक कोडं होतं. चोर ढाल पळवून कॉलेजातच कशाला ठेवेल? फाटकातून फडक्यात गुंडाळून नेता आली असती."

"वेडे असतील!" प्राचार्य म्हणाले.

"शहाणे होते. त्यांना ढाल नको होती. त्यांना पोलीस हवे होते." ताईचा आवाज खाली आला, आणि त्यामुळे सगळे जवळ सरकले. "या कॉलेजातून दर वर्षी पोरं नाहीशी होतात. कुणी चौकीत आलं नाही. आलं असतं तर आम्हीही हाकललं असतं, म्हटलं असतं, कॉलेज सोडणं हा काय गुन्हा आहे? पण पितळेचा एक पत्रा हलला, आणि अख्खी चौकी जीप घेऊन हजर. चोरांना आमची किंमत बरोबर माहीत होती. हे दार पोलिसांनी सगळ्यांसमोर उघडावं, एवढ्यासाठी ही चोरी."

"आणि मोठा गुन्हा?" प्रमुख पाहुण्यांनी विचारलं.

"तो तुमच्यासमोर उभा आहे, विटांचा. ज्याला पदवीपर्यंत नेणं जड जातं, त्याला सर या भिंतीत पाठवतात. कागदावर तो दुसऱ्या कॉलेजात गेला, म्हणून गळती शून्य. आणि या भिंतीची गळती कुणी विचारू नये म्हणून तीन वर्षं भरत आली की तिचं नाव बदलतात. नाव नवं, म्हणजे कॉलेज नवं. नव्या कॉलेजला तीन वर्षं काही विचारायचं नाही. पाटीवरचा डावीकडचा शब्द चाचपून पाहा. रंगाचे थर हाताला लागतील."

पाहुण्यांनी हात लावला. त्यांची बोटं हिरवी झाली.

"चोरांची नावं सांगा!" प्राचार्य किंचाळले. बुडत्याला काडी सापडली होती. "चोरी ती चोरी! अटक करा!"

ताईनं गर्दीच्या कडेकडे मान वळवली.

"पाटी रंगवणारी, माझी धाकटी बहीण. पण हे दार एकटीला उचलत नाही, आत्ता दोघं लागले. ती कधी मदतनीस ठेवत नाही. काल ठेवली होती. आणि आज आमच्या घरी एकीची कंबर धरलीय." तिनं हात वर केला. "दुसरी चोर माझी आई."

गर्दी दुभंगली. आई पुढे आली. कंबर धरून, पण राणीसारखी.

"हो, मीच," आई म्हणाली. "हिच्यासोबत रंगाचा डबा धरायला आले होते. म्हटलं, आलोच आहोत तर हिच्या वर्गशिक्षकांना दोन शब्द सुनवावेत. सहा वर्षांत एकदा पोरीला बोलावलं नाहीत! म्हणून दार ठोठावलं. दार ठोठावलं की दारासारखं वाजतं. हे भिंतीसारखं वाजलं." ती प्राचार्यांच्या अगदी समोर जाऊन थांबली. "तुमच्या शब्दावर मी माझ्या पोरीला सहा वर्षं अर्धवट म्हटलं, मास्तर. रोज. जेवताना. ते सगळे घास तुमच्या घशात घालायला आलेय मी. टोपी सांभाळा, पडतेय."

टोपी खरंच पडली.

धाकटी पुढे सरकली. "पहिल्यांदा ही पाटी रंगवली तेव्हा वाटलं, वर्ग सुरू होतायत," ती म्हणाली. "ब्रश धुवायच्या आधी सरांना विचारायला गेले. म्हणाले, कळवू. पण मी कोण, हे ओळखलंही नाही त्यांनी."

"अटक!" प्राचार्य म्हणाले. "दोघींना!"

"करते," ताई म्हणाली. "हवालदार, फिर्याद घ्या. सर सांगतील तशी. सर, ढाल तुमच्या कपाटातून कुठे गेली?"

"या... इथे."

"इथे म्हणजे? मला शब्द हवा. भिंतीवर गेली लिहू, की भगिनी महाविद्यालयात गेली लिहू?"

प्राचार्यांनी पडलेली टोपी उचलून झटकली.

"भिंतीवर लिहिलं, तर ही चोरी," ताई शांतपणे म्हणाली. "आईला आणि बहिणीला मी आत्ता जीपमध्ये बसवते. पण मग तुमची सगळी पोरंही भिंतीत गेली, आणि त्याची दुसरी फिर्याद मीच देईन. भगिनी महाविद्यालयात लिहिलं, तर ढाल गेली पण दुसऱ्या कॉलेजात गेली. त्याला काय म्हणतात हो, बाई?"

"स्थलांतर," गणिताच्या बाई मागून म्हणाल्या. त्या आता मोकळेपणानं हसत होत्या. "ते हरवणं धरत नाहीत."

वारा आला. झगे फडफडले. प्राचार्यांनी एकदा विटांकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे.

"चोरी झालेली नाही," ते म्हणाले. "स्थलांतर झालंय." आणि त्याखाली सही केली.

आईनं सुस्कारा सोडला आणि ढालीकडे बोट केलं. "मग ती तिथेच राहू दे. गेलेलं परत येत नाही ना तुमच्यात."

*

पुढचं पाहुण्यांनी केलं, आणि आईच्या खालोखाल त्याच निर्दय निघाल्या. भिंतीत धाडलेल्या पोरांना त्यांनी त्याच समारंभात, माईकवरून, पुन्हा प्रवेश जाहीर केला. धाकटी आता दुसऱ्या वर्षात, पहिल्या बाकावर बसते. घरी ती अर्धा कप चहा मुद्दाम टाकते. आई तो मुकाट्यानं पिऊन टाकते.

प्राचार्यांना काढून टाकलं, तर एक माणूस गळाला असं धरावं लागलं असतं. पाहुण्यांना ते नको होतं. म्हणून त्यांनी प्राचार्यांच्या लेखी सहीचा मान राखला. भगिनी महाविद्यालय खरंच आहे, असं ते स्वतःच म्हणाले होते. मग त्याला प्रमुख नको? स्टेजवर बदली जाहीर झाली, बढतीवर. टाळ्या बराच वेळ थांबेनात. खुर्चीही दिली. वीतभर जागेत ती मावेना, म्हणून दाराबाहेर ठेवली.

तिथे ते रोज येऊन बसतात, भिंतीकडे तोंड करून. मागून वर्गात जाणारी पोरं वाकून "गुड मॉर्निंग सर" म्हणतात. पाटी धाकटीनंच नव्यानं रंगवली. आता कायमचं नाव दिलंय, म्हणजे तीन वर्षांनी गळतीचं प्रमाण काढता येईल.

मागच्या आठवड्यात समितीकडे त्यांचा अर्ज आला. हवालदारानं तो कुठूनसा मिळवला आणि चौकीत सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला:

'महोदया, सदर महाविद्यालयात रुजू झाल्यापासून आम्हास वर्ग, विद्यार्थी व छत यांची तीव्र उणीव भासत आहे. तरी कृपावंत होऊन सदर भिंत निदान एका खुर्चीच्या रुंदीइतकी मागे सरकवण्याचे आदेश व्हावेत. ते शक्य नसल्यास आमचे नाव गळतीत धरण्यात यावे, ही नम्र विनंती.'